निबंध लिहा म्हणतात, पण कसा लिहायचा ते कोण सांगणार?

पोस्ट लांब आहे, चहा घेऊनच बसा. घरात दहावी-बारावीचं किंवा कॉलेजातलं पोर असेल तर त्यालाही वाचायला द्या. आणि ग्रामसभेला जाणाऱ्यांनी शेवटपर्यंत वाचा, कारण शेवट तुमच्यासाठी आहे.

दहावीच्या मराठीच्या पेपरात कवितेच्या ओळींचं रसग्रहण लिहायचं असतं. आशयसौंदर्य, काव्यसौंदर्य, भाषिक वैशिष्ट्ये, असे तीन मुद्दे. मुद्दे वाईट नाहीत. कविता काय सांगते, कशी सांगते आणि कोणत्या शब्दांत सांगते, हे तीन प्रश्न कुठल्याही कवितेला विचारायलाच हवेत. पण होतं काय, की मुलं प्रश्न विचारत नाहीत, उत्तरं पाठ करतात. 'साधी, सोपी, ओघवती भाषा', 'मनाला भिडणारा आशय', 'कवीने अत्यंत समर्पक शब्दांत' वगैरे. आमच्या विंझरच्या आसपासच्या वाड्यांतली मुलं माझ्याकडे संध्याकाळी मराठी घेऊन बसतात. त्यांच्या वह्यांत ही वाक्यं मी इतक्या वेळा वाचली आहेत की आता झोपेतही म्हणून दाखवीन.

चार मार्कांपुरतं हे निभावतं. मग पोर कॉलेजात जातं आणि एक दिवस तिथं सांगतात, अमुक कादंबरीवर दीड हजार शब्दांचा समीक्षणात्मक निबंध लिहून आणा. चार ओळींवरून एकदम दीड हजार शब्द! मधली पायरी कुणी दाखवलेलीच नसते.

अशीच एक मुलगी गेल्या महिन्यात आली. वरच्या अंगाला धनगरवस्ती आहे, तिथली. एसवायला आहे. विषय होता व्यंकटेश माडगूळकरांची 'बनगरवाडी'. हातात मोबाईल, आणि मोबाईलमध्ये तयार निबंध. म्हणाली, "मावशी, एवढं नुसतं तपासून द्या. उद्या-परवा द्यायचंय."

निबंध वाचला. शुद्धलेखनाची एक चूक नाही. 'ग्रामीण जीवनाचे वास्तव चित्रण', 'माणुसकीचे विलोभनीय दर्शन', 'निसर्ग आणि मानव यांचे अतूट नाते'. मी तिला म्हटलं, "एक काम कर. यातलं 'बनगरवाडी' खोड आणि गावाकडच्या दुसऱ्या कुठल्याही कादंबरीचं नाव घाल. मग सांग, कुठलं वाक्य खोटं पडतं?"

तिनं मनातल्या मनात वाचलं. लेखकाचं नाव आणि १९५५ हे साल, एवढी दोनच ठिकाणं खोटी पडली. बाकी सगळं जसंच्या तसं चाललं.

"म्हणजे हे बनगरवाडीवर नाहीच," तीच म्हणाली.

ही नाव बदलायची परीक्षा लक्षात ठेवा. पुढं पुन्हा लागणार आहे.

तिनं दोन दिवसांची मुदत वाढवून आणली आणि आम्ही चार संध्याकाळी बसलो. काय केलं ते क्रमानं सांगते, म्हणजे दुसऱ्या कुणालाही करता येईल.

*पहिली संध्याकाळ : वाचन*

पुस्तक तिनं वाचलेलं नव्हतं, सारांश वाचला होता. १९९५ साली आलेला अमोल पालेकरांचा सिनेमा थोडा पाहिला होता. सिनेमा चांगलाच आहे, पण निबंध कादंबरीवर आहे आणि कादंबरी मास्तर स्वतः सांगतायत, 'मी' म्हणून. ते वाचल्याशिवाय कळत नाही. छोटं पुस्तक आहे, दोन रात्रींत होतं. मी माझी जुनी प्रत दिली.

पहिल्यांदा वाचताना पेन्सिल हातात घ्यायची नाही, नुसती गोष्ट वाचायची. दुसऱ्यांदा वाचताना पेन्सिल घ्यायची आणि जिथं आपण थांबलो तिथं बारीक रेघ मारायची. लोक म्हणतात 'महत्त्वाचं' अधोरेखित करा. महत्त्वाचं काय ते आधी कुठं माहीत असतं? जिथं वाचता वाचता थांबलो, हसू आलं, राग आला किंवा 'हे असं का?' वाटलं, तिथं रेघ. मग प्रत्येक रेघेची एक चिठ्ठी. चिठ्ठीवर पान नंबर, काय घडलं ते एका ओळीत आणि मला काय वाटलं ते एका ओळीत.

तिच्या एकवीस चिठ्ठ्या झाल्या. मास्तर वाडीत येतात तेव्हा वर्गात बसायला पोरं नसतात, ती मेंढरांमागं असतात, याची एक. लोक मास्तरांना कागद लिहायला, तालुक्याहून वस्तू आणायला, भांडण मिटवायला बोलावतात, याच्या चार. शेकूची बायको औताला बैलाच्या जोडीनं स्वतः जुंपून घेते, त्याची एक, आणि तिच्यावर दोन उद्गारचिन्हं. सगळ्यांनी मिळून तालीम बांधली त्याची. राजा येतो त्याची. आणि शेवटी दुष्काळात वाडी उठते त्याच्या तीन.

*दुसरी संध्याकाळ : प्रश्न*

मी विचारलं, निबंध कशावर लिहिणार? म्हणाली, "बनगरवाडीतील ग्रामजीवन."

हा विषय झाला. विषय म्हणजे अख्खं शिवार. लावणी करायला एक खाचर धरावं लागतं. ते खाचर म्हणजे प्रश्न.

चिठ्ठ्या जमिनीवर पसरल्या आणि एकमेकींशी जुळणाऱ्या जवळजवळ ठेवल्या. 'मास्तरांना बाकीची कामं' हा ढीग सगळ्यांत मोठा झाला. वर्गातल्या शिकवण्याची चिठ्ठी शोधायला गेलो तर जेमतेम एक-दोन. ती बराच वेळ बघत बसली आणि म्हणाली, "मावशी, हे मास्तरांचं पुस्तक आहे ना? मग यात शिकवणं इतकं थोडं का?"

मिळाला प्रश्न. हा प्रश्न मी दिला असता तर तो माझा निबंध झाला असता.

आता याचं उत्तर, म्हणजे आपलं म्हणणं, एका वाक्यात लिहायचं. आणि त्याची खूण अशी, की शहाण्या माणसाला त्याला 'नाही, मला तसं वाटत नाही' म्हणता आलं पाहिजे. 'बनगरवाडी ही श्रेष्ठ कादंबरी आहे' याला कोण नाही म्हणणार? त्यामुळं ते म्हणणंच नव्हे. तिनं पाच-सहा वेळा खोडून शेवटी लिहिलं : 'या कादंबरीत शाळा म्हणजे वर्ग नाही. वाडीच्या रोजच्या कामात मास्तर उपयोगी पडतो, म्हणून वाडी त्याला आपला मानते, आणि तो आपला झाल्यावरच शाळा वाडीची होते.'

याला नाही म्हणता येतं. कुणी म्हणेल, कादंबरी माणसाबद्दल नाहीच, ती दुष्काळाबद्दल आहे, सुरुवातीपासून सगळं त्या शेवटाकडेच चाललंय. म्हणू दे. निबंधात त्यालाच तर उत्तर द्यायचं आहे.

*तिसरी संध्याकाळ : सांगाडा*

इथं बहुतेक निबंध घसरतात. पोरं गोष्ट सांगत सुटतात. मास्तर आले, कारभारी भेटला, मग असं झालं, मग तसं झालं. गोष्ट तपासणाऱ्यालाही माहीत असते. तुम्हाला सांगायचंय ते हे, की लेखकानं ती अशीच का सांगितली.

शेकूच्या बायकोचंच उदाहरण घ्या. 'बैल नाही म्हणून बायकोनं जू खांद्यावर घेतलं' ही गोष्ट झाली. 'यातून स्त्रीचे कष्ट दिसतात' हे कुठल्याही पुस्तकाला चालेल, म्हणजे नाव बदलायच्या परीक्षेत नापास. मग बघायचं, ते सांगितलंय कसं. मास्तर तिथं भाषण करत नाहीत. दिसलं ते सांगतात आणि पुढं जातात. दया दाखवणारा माणूस बाहेरचा असतो. इथं सांगणारा आता तसा बाहेरचा राहिलेला नाही, त्याला हे वाडीतल्या माणसासारखं दिसतं. हे आलं की ती चिठ्ठी आपल्या म्हणण्याला येऊन जोडली गेली.

प्रत्येक परिच्छेद असा तीन थरांचा बांधायचा : पुस्तकात काय आहे (पान नंबरासकट), ते कसं सांगितलंय, आणि त्यावरून माझं म्हणणं कसं पटतं. तिसरा थर लिहिता आला नाही तर ती चिठ्ठी कितीही आवडती असो, बाजूला ठेवायची. तिला राजाची चिठ्ठी फार आवडली होती. ठेवली बाजूला.

एक गंमत तिनंच शोधली. या कादंबरीचा इंग्रजी अनुवाद १९५८ साली आला, त्याचं नाव 'द व्हिलेज हॅड नो वॉल्स'. म्हणजे भिंती नसलेलं गाव. अनुवादकानं नाव बदललं म्हणजे त्यानं पुस्तकाचा एक अर्थच लावला. तिनं लिहिलं, की भिंती नसलेल्या गावात चार भिंतींची शाळा परकी वाटणारच. मास्तर भिंतींबाहेर आले तेव्हाच ती आपली झाली. हे वाक्य वाचून मी चष्मा काढून बाजूला ठेवला.

मग उलटी बाजू. आपल्या म्हणण्याविरुद्ध पुस्तकात काय आहे ते आपणच शोधून मांडायचं, लपवायचं नाही. दोन गोष्टी निघाल्या.

एक, सगळं मास्तरच सांगतात. वाडीनं त्यांना आपलं मानलं हेही त्यांच्याच तोंडून. कारभाऱ्याची अंजी आपल्याला दिसते ती मास्तरांच्या नजरेतून, तिच्या मनात काय चाललंय ते तिच्याकडून कळत नाही. इथं ही मुलगी जरा तावातावानं बोलली. म्हटलं, बोल तसंच लिही, फक्त पान नंबर दे.

दुसरी गोष्ट जास्त अवघड. शेवटी पाऊस पडत नाही, माणसं मेंढरं घेऊन निघून जातात, वाडी ओस पडते, मास्तरांनाही जावं लागतं. मग शाळा वाडीची झाली या म्हणण्याला अर्थ काय उरला? दोन तास यावर गेले. शेवटी तिनं लिहिलं, की शाळा हरली असती तर पोरं वाडीत असून शाळेत आली नसती. इथं पोरंच उरली नाहीत. पावसानं वाडी नेली, तिच्याबरोबर शाळा गेली. म्हणजे शाळा वाडीचीच होती, हे शेवटानंच ठरलं.

तुम्हाला पटो न पटो, हे तिचं आहे. कुठल्या गाईडात सापडणार नाही.

*चौथी संध्याकाळ : लेखन*

सुरुवात आधी लिहायला बसू नका. तिथंच 'साहित्य हा समाजाचा आरसा आहे' येऊन बसतं. आधी मधले परिच्छेद लिहा, प्रस्तावना सगळ्यांत शेवटी, कारण आपण काय लिहिलंय ते तेव्हा कुठं आपल्याला कळलेलं असतं.

भाषेचं म्हणाल तर प्रमाण भाषेत लिहावं लागतं, ते लिहा. पण 'प्रस्तुत कादंबरीमध्ये लेखक महोदयांनी' असलं काही नको. मोठा शब्द आला की विचारायचं, याच्या मागं काही आहे का?

आणि शेवटी मोठ्यानं वाचायचं, कुणाला तरी ऐकवायचं. जीभ अडखळली की वाक्य मोडायचं. तिनं घरी आजीला ऐकवलं. आजी शाळेत गेलेली नाही, पण तिचा जन्म जनावरांमागं गेलाय. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "त्यांच्याकडं पाऊस न्हाई म्हणून वाडी उठली व्हय? आमच्याकडं पाऊस मावत न्हाई, तरी पोरं चाललीच की."

दुसऱ्या दिवशी मुलगी धावत आली. "हे निबंधात घालू?"

मी म्हटलं, शेवटच्या परिच्छेदात एक वाक्य घाल. त्याहून जास्त नको. हा निबंध पुस्तकाबद्दल आहे. आजीचं म्हणणं हा दुसरा निबंध आहे, आणि तो कुणीतरी लिहिलाच पाहिजे.

म्हणून ही पोस्ट.

माणदेशातली ती वाडी आणि आपला वेल्हे तालुका, आता राजगड म्हणायचं, यांत जमीन-अस्मानाचा फरक. तिकडं पाण्याचा टिपूस नाही, इकडं तोरणा-राजगड चार महिने ढगात. पण वरच्या वस्त्यांवरचं चित्र सारखंच. भात एक पीक, पुढं काम नाही, तरणी पोरं पुण्याला. मागं म्हातारी माणसं आणि शाळेत बोटावर मोजण्याएवढी मुलं. या मुलीच्या वस्तीवरच्या शाळेत ती चौथीपर्यंत शिकली. आज तिथली पटसंख्या दहाच्या आत आहे.

सप्टेंबर २०२३ मध्ये शिक्षण आयुक्त कार्यालयाचं एक पत्र निघालं. वीसपेक्षा कमी पट असलेल्या शाळा एकत्र करून समूह शाळा करण्याचे प्रस्ताव मागवले होते. तेव्हा आकडा आला होता तो १४ हजार ७०० हून जास्त शाळांचा आणि साधारण १ लाख ८५ हजार मुलांचा. पत्रात नमुना म्हणून दोन समूह शाळांचे दाखले होते. एक नंदुरबारमधलं तोरणमाळ आणि दुसरं आपल्याच तालुक्यातलं पानशेत. म्हणजे हा प्रश्न मुंबईचा नाही, आपल्या दारातला आहे.

मी समूह शाळेच्या विरोधात घोषणा द्यायला बसलेली नाही. पाच मुलांच्या शाळेत एका मास्तरांनी चार इयत्ता सांभाळायच्या, खेळायला दोन संघ होत नाहीत, गाण्याला आवाज होत नाही. मोठ्या शाळेत सोबती मिळतात, विषयाला शिक्षक मिळतात. हे खरं आहे. आणि शिक्षण हक्क कायद्याच्या नियमांत पहिली ते पाचवीची शाळा एक किलोमीटरच्या आत आणि सहावी ते आठवीची तीन किलोमीटरच्या आत असावी असं धरलेलं आहे, हेही खरं आहे. दोन्ही बाजूंना चिठ्ठ्या आहेत.

प्रश्न असा आहे, की आपण बोलतो कसं? शाळेचा विषय ग्रामसभेत निघाला की बाजूनं बोलणारे म्हणतात 'गुणवत्तापूर्ण शिक्षण', 'सर्वांगीण विकास'. विरोधातले म्हणतात 'गोरगरिबांच्या मुलांवर अन्याय'. निवेदन लिहिलं जातं, सह्या होतात, कागद फायलीत जातो. आता त्या निवेदनातलं आपल्या वाडीचं नाव खोडा आणि गडचिरोलीतल्या एखाद्या गावाचं नाव घाला. एक तरी वाक्य खोटं पडतं का? नाही पडत. म्हणजे ते आपल्या वाडीबद्दल नाहीच. मग साहेबानं त्यावर आपल्या वाडीसाठी वेगळा विचार का करावा?

त्या मुलीनं पुस्तकाचं जे केलं ते वाडीचं करायचं. मुलं किती, कुठल्या इयत्तेत. नवी शाळा किती अंतरावर. वाटेत ओढे किती, आणि त्यांतल्या कितींवर साकव आहे. गाडी देणार म्हणतात, ती वस्तीपर्यंत येणार की फाट्यापर्यंत. गेल्या जुलैत रस्ता किती दिवस बंद होता. सहा वर्षांचं पोर सकाळी किती वाजता निघणार आणि किती वाजता परत येणार. हे सगळं तारीखवार वहीत. मग आपलं म्हणणं एका वाक्यात. आणि मग विरोधातली बाजूही आपणच मांडायची, की होय, आमच्या शाळेत मुलं कमी आहेत, त्यामुळं अमुक तोटा होतो, आणि त्यावर आम्हाला असं सुचतं. पहिली-दुसरीची मुलं वस्तीवर आणि मोठी मुलं समूह शाळेत, असंही कुणाला सुचेल. असं निवेदन सहज बाजूला टाकता येत नाही.

आणि हे करायला बाहेरून कुणी यावं लागत नाही. शाळा व्यवस्थापन समिती कायद्यानंच आहे. तिच्यात तीन चतुर्थांश पालक आणि निम्म्या बायका असाव्या लागतात. शाळेचा विकास आराखडा तयार करणं हे तिचं कामच आहे. आपल्याकडं ही समिती बऱ्याचदा सह्यांपुरती असते. या समितीतल्या बायांनो, वही घाला आणि लिहायला लागा. लिहिता येत नसेल तर घरातल्या पोरीला बसवा. तिला रसग्रहण येतं ना? मग हेही येईल. पुस्तकाला विचारायचे तेच प्रश्न आहेत : काय आहे, कसं आहे, आणि त्यावरून काय म्हणायचंय.

म्हणूनच मला निबंधाचं एवढं वाटतं. मराठीचा निबंध म्हणजे मार्कांपुरती पोपटपंची, असं आपण धरून चाललोय. मोबाईल आता ती पोपटपंची आपल्यापेक्षा बरी करतो, करू दे. पण आपल्या वाडीच्या वाटेवर ओढे किती, हे मोबाईलला माहीत नाही. शेकूच्या बायकोपाशी ही मुलगी का थांबली, हेही त्याला माहीत नाही. ते ज्याचं त्यालाच लिहावं लागतं, आणि ते लिहायची सवय पंधराव्या-सोळाव्या वर्षी लागली नाही तर पुढं चाळिसाव्या वर्षी ग्रामसभेतही आपण दुसऱ्याचंच लिहिलेलं वाचून दाखवतो.

निबंध वेळेत दिला तिनं. मार्क अजून यायचेत. सध्या ती आजीला घेऊन वस्तीवरच्या शाळेची वही लिहितेय. पहिल्या पानावर मुलांची नावं आहेत, दुसऱ्यावर ओढ्यांची. आजीला सगळ्या ओढ्यांची नावं येतात.

तुमच्या वाडीची वही कोण लिहितंय?